सेलूहून लाइटनिंग कॉल

अर्धांगवायूच्या पेशंटजवळ बसून जी माणसं बोलत असतात, त्यांना आधी एक गोष्ट सांगते. ऐकू येतं. सगळं ऐकू येतं.

मी परभणीच्या सरकारी दवाखान्यात पडले होते. तोंड वाकडं, उजवा हात-पाय लाकडासारखा, जिभेला एक शब्द नाही. माझ्या उशाशी बसून माझ्या वन्सं, म्हणजे यजमानांची मोठी बहीण, भेटायला आलेल्या एका बाईला म्हणत होत्या, "लेकरू लहान हाय. माणिकचं वय तरी काय झालंय? समद्यांनी मिळून दुसरं बघावं लागंल आता."

मला अक्षर न् अक्षर कळत होतं. आणि उत्तरादाखल एक अक्षर काढता येत नव्हतं.

त्या दिवशी मला मरणाची भीती वाटली नाही. राग आला. असा राग की आतल्या आत मी खाट उलटीपालटी केली. पुढं गोळ्यांच्या बरोबरीनं तो राग माझ्या कामाला आला, म्हणून ह्या दुखण्यातून जाणाऱ्या कुणालाही मी 'शांत राहा' असं सांगणार नाही.

बोर्डावर

मी सेलूच्या टेलिफोन एक्सचेंजात ऑपरेटर. तेव्हा आमच्याकडं नंबर फिरवायची सोय नव्हती. कुणी घरात रिसीव्हर उचलला की आमच्या बोर्डावर त्याच्या नंबरची पट्टी खाली पडायची. आम्ही त्याच्या भोकात कॉर्ड लावायची, "बोला, कुठं पाहिजे?" विचारायचं आणि दुसरं टोक ज्याच्याशी बोलायचं त्याच्या भोकात. अख्खं गाव आमच्या दोन हातांतून आणि एका तोंडातून बोलायचं. माझा आवाज पेठेतल्या सगळ्या दुकानदारांना माहीत होता. चेहरा फार थोड्यांना.

कापसाचे दिवस होते. सकाळपासून पट्ट्या पडायला लागलेल्या. एका व्यापाऱ्याला जालना पाहिजे होतं. मी नेहमीसारखं म्हणायला गेले, "जालना लावते, थांबा." तोंडातून आलं, "जा... जा... जा..."

मला वाटलं, घसा धरला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तिकडून व्यापारी ओरडायला लागला, "काय गंमत करायलात का बाई?" माझ्या उजव्या हातातली कॉर्ड गळून लोंबकळत होती आणि हात ती उचलायला तयार नव्हता.

शेजारच्या खुर्चीवर कादरभाई होते. आमचे सीनिअर ऑपरेटर. त्यांनी वळून बघितलं, हेडसेट काढून फेकला आणि मी स्टुलावरून घसरायच्या आत मला धरलं.

"या अल्ला! ताई, घाबरू नका. मी हाय."

त्यांनीच जिनिंग फॅक्टरीत फोन लावला. माझे यजमान, माणिकराव, तिथं फिटर आहेत. ते हातांचं ग्रीस न पुसता पळत आले. माझ्या साडीवर ते काळे हात उमटले होते. परभणीच्या गाडीत मी त्या डागांकडं बघत बसले. 'डाग' हा शब्द काही केल्या सापडेना.

उगम छातीत

परभणीच्या डॉक्टरांनी माझं तोंड बघितलं, हात-पाय उचलून सोडले आणि मग बराच वेळ छाती ऐकत बसले. एका हातानं मनगट धरलेलं, दुसऱ्या हातानं नळी छातीवर. माणिकरावांना कळेना, दुखणं डोक्याचं आणि हा माणूस छातीत काय शोधतोय.

"लहानपणी सांधे सुजायचे का?" त्यांनी मला विचारलं. मला. नवऱ्याला नाही. मी मान हलवली.

पालमला माहेरी असताना गुडघे असे सुजायचे की आई मला उचलून शेकायला न्यायची. ताप यायचा, जायचा. त्या तापानं काळजाची झडप आखडून टाकली हे आम्हाला कोण सांगणार होतं?

डॉक्टरांनी माणिकरावांना समजावलं. "हिचं हृदय ठेक्यात चालत नाही. वरचा कप्पा आवळत नाही, नुसता थरथरतो. थरथरणाऱ्या जागी रक्त साचतं, साचलेलं रक्त गोठतं. त्यातली एक गुठळी उडाली आणि मेंदूच्या नळीत जाऊन बसली. लकवा वरून दिसतोय. त्याचा उगम छातीत आहे."

"मग ती गुठळी विरघळवा की साहेब," माणिकराव म्हणाले. "औषध असंलच की त्याचं."

डॉक्टर खाटेच्या कडेला बसले. "हार्ट अटॅकवर असं इंजेक्शन मोठ्या शहरांत द्यायला लागलेत. मेंदूसाठी कुणी देत नाही. गुठळी विरघळता विरघळता आत रक्तस्राव झाला तर ही जायची. मी ते धाडस करणार नाही. खोटं कशाला बोलू? सध्या वाट बघायची. काय परत येतं ते येईल."

खरं बोलला म्हणून तो माणूस मला आवडला, आणि 'वाट बघायची' म्हणाला म्हणून त्याचा मला संताप आला. दोन्ही एकाच वेळी.

पारवा

वॉर्डात सकाळी फरशी पुसली जायची, मग सिस्टर ताप बघायच्या, मग दूध-पाव, मग डॉक्टरांचा राउंड. नातेवाईक खाटेखाली सतरंजी टाकून पडलेले. उजवा पाय माझा आहे याची आठवण ठेवावी लागायची, नाहीतर तो खाटेवरून खाली लोंबायचा आणि मला पत्ता नसायचा. लघवीसाठी दुसऱ्याकडं बघावं लागायचं, आणि बघूनही त्याला कळलं नाही तर डोळ्यांतून पाणी यायचं. ते दुःखाचं नव्हतं, चिडीचं होतं.

एक दिवस वन्सं पदराखाली काहीतरी झाकून आल्या. कापडाच्या पिशवीत फडफड झाली. पारवा होता. लकवा झालेल्या अंगाला पारव्याचं गरम रक्त चोळलं की वारं उतरतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. सेलूहून एवढ्या लांब त्या जिवंत पारवा घेऊन आल्या होत्या.

"सिस्टर यायच्या आत उरकू," त्या म्हणाल्या आणि पिशवीत हात घातला.

"न्हाई!"

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. मीही. तो आवाज माझा होता. आजारी पडल्यापासून तोंडातून निघालेला तो पहिला धड शब्द. वन्संच्या हातून पिशवी सुटली, पारवा उडाला आणि छताच्या पंख्यावर जाऊन बसला.

वन्सं मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. "बोलली! बोलली गं बाई!" माझ्या नवऱ्याचं दुसरं लग्न लावायच्या बेतातली ती बाई माझा पाय छातीशी धरून रडत होती. माणसं अशी असतात. मी त्यांच्यावर नीट चिडूही शकले नाही.

शेजारच्या खाटेवर पेडगावच्या सरूबाई होत्या. अंगाला सूज, धाप लागलेली, पण जीभ धारदार. माझी जीभ चालू झालेली बघून त्यांनी मला धरलं. मी पाण्याकडं बोट दाखवलं की त्या तोंड फिरवायच्या.

"बोट नगं दाखवू. म्या आंधळी हाय असं समज. काय पायजे?"

"च... चमचा."

"चमच्यानं तहान भागती व्हय? दुसरं सांग."

मी रागानं लाल. पाणी समोर दिसतंय, शब्द तोंडाशी आलाय आणि बाहेर पडतोय भलताच. माणिकराव कळवळून तांब्या उचलायचे, तर सरूबाई त्यांना दटावायच्या, "ठिव खाली! तूच बोलत ऱ्हायलास तर ती कवा बोलंल?"

"पा... पा... पाणी. मेले!"

"हां. आता दे तिला. शिवी बी आली बग संगट."

ह्यापेक्षा चांगला उपचार मला कुठं मिळाला नाही.

पाचापर्यंत चढायचं

घरी आले तेव्हा काठी टेकत चालत होते. उजव्या हाताची बोटं वळायची, पण पकड नाही. बोलणं तुटक. सगळ्यात वाईट म्हणजे आकडे. ऑपरेटरला आकडे आले नाहीत तर तिनं काय करावं? 'पाच' म्हणायचं असलं की मला एकापासून चढत यावं लागायचं. एक, दोन, तीन, चार, आणि मग पाच. मधूनच उचलता यायचा नाही. माझी लेक रेखा, चौथीत होती, तिच्या जुन्या अंकलिपीवर मी बोट ठेवायचे. ती विचारायची, "आई, हे कितवं?" मी चढायला लागायचे. ती न हसता थांबायची.

माणिकरावांचं म्हणणं वेगळं होतं. "नौकरी सोड. अर्ज दिऊन टाकू. माझं एकट्याचं पुरंल."

"न्हाई."

"तुला काय शाबीत करायचंय, प्रयाग?"

मी शब्द शोधले. वेळ लागला. "मी... हाय."

मग मी दवाखान्यापासून छातीत ठेवलेलं विचारलं. "दुसरी... बघितली?"

त्यांचा चेहरा उतरला. "तू ऐकलं व्हतंस?"

"समदं."

"म्या न्हाई म्हणलं व्हतं अक्काला. बाहीर नेऊन म्हणलं. तुज्यासमोर म्हणाया पायजे व्हतं."

"हां," मी म्हणाले. "पायजे व्हतं."

गुठळी पुन्हा होऊ नये म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी लावली होती. झडपेचं ऑपरेशन पुढं कधीतरी करावं लागेल असंही सांगितलं होतं. आणि बजावलं होतं, "एखादा हात किंवा पाय अचानक गार पडला, पांढरा झाला, तर शेकत बसू नका. तिथंही गुठळी जाऊ शकते. लगेच औरंगाबाद गाठा. तिथं ती काढता येते. पण उशीर झाला तर पाय कापावा लागतो."

त्या गोळीनं माझी मासिक पाळी इतकी अंगावर जायला लागली की मी उभी राहू शकेना. ही गोष्ट बायका लिहीत नाहीत, म्हणून मी लिहितेय. गावातल्या डॉक्टरांनी थोडे दिवस गोळी थांबवायला सांगितली. त्यांनी तरी काय करावं? ही गोळी खाणारं माणूस आमच्या भागात त्यांनी पहिल्यांदाच बघितलं होतं.

गार पाय

गोळी बंद असतानाच एका सकाळी भाकरी थापायला बसले होते, डाव्या हातानं. माणिकराव डबा भरायची वाट बघत उभे. एकदम डाव्या पायात, चांगल्या पायात, कुणीतरी सुरी फिरवल्यासारखी कळ आली. मी ओरडले. बघते तर पाऊल पिठासारखं पांढरं. हात लावला, माठासारखं गार.

वन्संनी तेल गरम करायला ठेवलं. "वारं भरलंय. चोळलं की उतरंल."

"गु... गुठळी," मी म्हणाले. "औरंगाबाद."

"आगं, बंद हाय आज. एसटी एक न्हाई रस्त्यावर."

खरं होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या दिवशी मराठवाड्यात बंद होता. रेल्वेचाही भरवसा नव्हता. माणिकराव तेलाच्या वाटीकडं बघत होते. मला दिसलं, आता हे लोक पाय चोळत बसणार. मी उठून एका पायावर दाराला धरून उभी राहिले.

"फोन!" मी म्हणाले. "फोन! फोन!"

माणिकरावांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि एक्सचेंजला आणलं. कादरभाई बोर्डावर होते. मला बघताच त्यांनी खुर्ची ओढली.

"लाइटनिंग," मी म्हणाले.

लाइटनिंग म्हणजे सगळ्या कॉलच्या आधी जाणारा कॉल. आग, मृत्यू, असल्याच वेळी लावतात. कादरभाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. औरंगाबादची ऑपरेटर लाइनवर आली. आम्ही एकमेकींना कधी बघितलं नव्हतं, पण आवाज वर्षानुवर्षांचा ओळखीचा. कादरभाई तिला म्हणाले, "बहन, आपली प्रयागताई हाय. मोठा सरकारी दवाखाना दे, सर्जन पायजे. सोडू नको लाइन." तिनं सोडली नाही. ह्या खोलीतून त्या खोलीत असं करत तिनं सर्जन शोधून काढला.

"मी बोलतो ना, ताई, तुमी बसा," कादरभाई म्हणाले.

मी हात पुढं केला. पाय माझा होता. त्यांनी हेडसेट माझ्या डोक्यावर ठेवला.

"हॅलो, कोण?" तिकडून आवाज.

कधी नव्हे इतकी घाबरले होते. मग सरूबाईंचं 'म्या आंधळी हाय असं समज' आठवलं. फोनवरचा माणूस तर खरंच काही बघू शकत नव्हता.

"पेशंट. मी. हृदय... थर... थरथर. लकवा झाला. आता पाय. गार. पांढरा."

"कधीपासून?"

आकडा आला नाही. "भाकरी... आत्ता. सकाळी."

"घोट्याजवळ नाडी लागते का?"

मी वाकून बोटं ठेवली. परभणीच्या डॉक्टरांनी शिकवली होती ती जागा. "न्हाई. नाडी न्हाई."

मग तो म्हणाला, "गरम काही लावू नका. चोळू नका. निघा. मी थिएटर तयार ठेवतो. काय नाव?"

"प्रयाग. सेलू."

"प्रयागबाई, मी थांबतोय."

हेडसेट काढला तेव्हा कादरभाई डोळे पुसत होते आणि बोर्डावर पट्ट्या टपाटपा पडत होत्या. त्यांनी पहिल्यांदाच पट्ट्यांकडं लक्ष दिलं नाही.

दगड

जिनिंग फॅक्टरीची जीप मिळाली. मागं वन्सं माझा पाय मांडीवर घेऊन बसल्या. चोळायचा मोह होऊ नये म्हणून दोन्ही हात पदरात गुंडाळून बसल्या होत्या.

जालन्याच्या अलीकडं रस्त्यावर दगड रचलेले. निळे झेंडे घेऊन माणसं बसलेली. जीप थांबली. माणिकराव उतरून हात जोडायला लागले. एक माणूस मागं आला, आत डोकावला. माझ्या पावलाला हात लावून बघितला आणि दचकून मागं सरला. "आरं, गार पडलाय पाय! उचला, दगड उचला!"

दगड बाजूला होत असताना तो माझ्याकडं बघून म्हणाला, "जय भीम, ताई. जा."

"जय भीम," मी म्हणाले.

अडखळले नाही. दोन्ही शब्द सलग, स्वच्छ, पूर्वीच्या आवाजात. माणिकराव वळून बघतच राहिले. जिथं 'पाणी' म्हणायला मला घाम फुटायचा, तिथं लहानपणापासून रोज म्हटलेले ते दोन शब्द कुठलीच गुठळी अडवू शकली नव्हती.

टेबलावर

सर्जन खरंच थांबले होते. जांघेजवळची जागा बधिर केली, पण मी जागी होते. त्यांनी रक्तवाहिनीला बारीक छेद घेतला. एक लवचिक नळी, टोकाला इवलासा फुगा. नळी गुठळीच्या पलीकडं सारायची, फुगा फुगवायचा आणि सावकाश मागं ओढायचं. दुखत नव्हतं, ओढ जाणवत होती.

"आली," सर्जन म्हणाले. त्यांनी ती तबकात मला दाखवली. काळपट लाल, ओल्या अळीसारखी. एवढीशी. ही माझा पाय नेणार होती.

मग पायात आग झाली. मुंग्या, जळजळ, सुया. रक्त परत आलं होतं. मी रडत होते आणि हसत होते.

"डोक्यातली," मी विचारलं. "डोक्यातली... का... नाही काढत?"

सर्जनांनी हातातलं काम थांबवलं नाही. "तिथल्या नळ्या फार बारीक आहेत, बाई. आमचे हात तिथवर पोचत नाहीत."

"पोचवा."

"पोचतील कधीतरी."

"मला... उशीर," मी म्हणाले.

ते टाके घालत राहिले. पायातली गुठळी निघते आणि वाचेतली निघत नाही, हे मला आजही मान्य नाही. मान्य करायला मला कुणी सांगू नये. पण पाऊल गुलाबी झालेलं मी बघितलं आणि ठरवलं, पाय मिळालाय तर उभं राहून भांडायचं.

साहेब

परभणीच्या ऑफिसात मोठ्या साहेबांनी मला समोर बसवलं. माणूस वाईट नव्हता. खालच्या आवाजात बोलत होते, आजाऱ्याशी बोलतात तसं.

"प्रयागबाई, मेडिकलवर रिटायर होऊन घरी बसा. तुमचंच भलं. किंवा रेकॉर्डच्या फायली सांभाळायला बसा. बोर्डावर बोलावं लागतं."

"बोलते... की."

"हळू बोलता. गिऱ्हाईक ऐकून घेणार नाही. तक्रारी करतील लोक."

हे उत्तर मी घरून तयार करून आणलं नव्हतं. तिथंच सुचलं, आणि तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आलं. "करू द्या. तक्रार... मीच... लिहून घेईन."

साहेबांनी चष्मा काढला. हसू दाबायचा प्रयत्न केला, जमला नाही. मग कागद ओढला आणि लिहिलं, तीन महिने बघू.

मी सेलूला गोळी पुन्हा सुरू केली होती, कमी करून. रक्त तपासायला परभणीला जायचे. पाळीच्या दिवसांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बंद करायचं नाही, हे ठरलेलं. बोर्डावर डावा हात कॉर्ड लावायचा, उजवा कड धरून राहायचा. आकड्यांसाठी मी समोर एक ते शून्य लिहिलेला पुठ्ठा टांगला. आकडा ऐकला की नजर तिथं टाकायची, आणि तिथून उचलायचा. चढायची गरज उरली नाही.

पहिल्या दिवशी सकाळी पट्टी पडली. मी कॉर्ड लावली.

"बोला."

"जालना द्या. लवकर! माल खोळंबलाय माझा."

"जा... जा..." अडकलं. कादरभाईंनी स्वतःचा हेडसेट बाजूला सारून माझ्याकडं बघितलं, पण हात पुढं केला नाही. तिकडून माणूस तापला. "अहो बाई, बोला की लवकर! दुसऱ्या कुणाला द्या फोन!"

मी श्वास घेतला.

"थांबा," मी म्हणाले.

तो थांबला.